वाल मोठ्याला, बरबटी लहानाला

आमच्या घराचा पत्ता मी लोकांना सिंदी मेघे, प्लॉट नंबर चौदा असा सांगत असे. काकाजींच्या लेखी आम्ही मेथीत राहत होतो. शेजारचे बँकवाले वांग्यात, समोरचे वकील कांद्यात आणि कोपऱ्यावरचे पोस्टमास्तर सांबारात, म्हणजे कोथिंबिरीत.

सोसायटी व्हायच्या आधी ही सगळी काकाजींची भाजीची वाडी होती. ती त्यांनी सोसायटीला विकली, एक प्लॉट स्वतःला ठेवून त्यावर घर बांधलं आणि बेचाळीस घरांतले एक सभासद होऊन राहिले. जमीन गेली तरी वाफे काही डोक्यातून गेले नाहीत. सकाळी खांद्यावर दुपट्टा टाकून ते गल्लीगल्लीतून फेरी मारत आणि कोणाच्याही फाटकाशी थांबून सांगत की तुमच्या बेडरूममध्ये मिरची फार छान यायची. नव्या लग्नाच्या जोडप्यालाही त्यांनी हे सांगितलं होतं. आमच्या देवघराच्या भिंतीला सारखी ओल यायची. दोन गवंडी झाले, कसले कसले लेप झाले. काकाजी एकदा चहाला आले, भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इथं धोपा होता." धोपा म्हणजे अळू. त्याला पाणी फार लागतं म्हणून पाटाचं पाणी ते तिथे वळवत. भिंत आजही ओली आहे. मी देवांना सांगून टाकलंय की तुम्ही धोप्यात आहात, सांभाळून घ्या.

वाडीतली एकच जागा घरांखाली गेली नव्हती. विहीर आणि तिच्याभोवतीचा मोकळा तुकडा. विकताना काकाजींनी एवढी एकच अट घातली होती की विहीर बुजवायची नाही. त्या वेळच्या अध्यक्षांनी तिथेच हातात हात घेऊन शब्द दिला. कागदावर मात्र नुसतं 'खुली जागा' असं लिहिलं गेलं. शब्द देणारे अध्यक्ष पुढे मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि शब्दही त्यांच्याबरोबर गेला. मे महिन्यात आमच्या नळांना फक्त हवा यायची, तेव्हा बेचाळीस घरांच्या बादल्या त्या विहिरीवर लागायच्या. काकाजी काठावर बसून प्रत्येकाच्या दोर ओढण्याला नावं ठेवत. मला म्हणत, "बाई, तू पानी ओढते का गनित सोडवते?"

आता निवडणुकीचं. आमच्याकडे पद्धत अशी होती की दर तीन वर्षांनी सगळे सभासद हात वर करून सात जणांची समिती निवडत. ते सोपं होतं. मग हे सात जण बसून आपल्यातूनच अध्यक्ष आणि सचिव निवडत, ते अवघड होतं. पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकल्या. पण शेजाऱ्याचं अक्षर कोणाला ओळखू येत नाही? एकीची चिठ्ठी तर हिरव्या शाईत होती आणि हिरवी शाई अख्ख्या सोसायटीत तिच्याच घरी होती. दोन घरांचं हळदीकुंकू बंद झालं. एका बाईंनी तर शेजारणीची वाटी, साखर न भरता, तशीच रिकामी परत पाठवली. आमच्याकडे यापेक्षा मोठा अपमान नाही.

पुढच्या खेपेला काकाजी उभे राहिले आणि म्हणाले की कागद बंद करा, मी करून देतो. त्यांना कसलंच पद नको होतं आणि ते कोणत्याच गटात नव्हते. त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. तेव्हापासून ते आमचे निवडणूक अधिकारी झाले ते झालेच.

त्यांची रीत साधी होती. दोन उमेदवार असतील तर वयाने मोठा असेल त्याचा वाल, लहान असेल त्याची बरबटी. बरबटी म्हणजे तुमची चवळी. प्रत्येकाला दोन्हीचा एकेक दाणा मिळायचा. विहिरीला लागून पाण्याच्या मोटारीची जुनी खोली होती, तिथे दोन मडकी ठेवलेली असत. एकेकाने आत जायचं, हवा तो दाणा डावीकडच्या मडक्यात टाकायचा, नको तो उजवीकडच्या. दाण्याला अक्षर नाही, शाई नाही. शेवटी काकाजी एकटे आत जात, डावं मडकं दुपट्ट्यात पालथं करत, दाणे मोजत आणि बाहेर येऊन नाव सांगत.

फक्त नाव. आकडा कधीच नाही. कोणाला किती पडले हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कोणाला दाणे बघूही दिले नाहीत. मी पहिल्याच वेळी भांडले. गणिताच्या बाईसमोर कोणी नुसतं उत्तर सांगतं आणि रीत दाखवत नाही म्हणजे काय? काकाजी म्हणाले, "आकडा सांगतला की मानूस घरी जाऊन हिशेब लावते. कोनं नाई देल्लं मले, कोनं नाई देल्लं मले. मंग त्याच्या घरचं पानी पीत नाई." आणि विषय संपला.

मोजून झालं की ते सातही दाणे खुल्या जागेत नेऊन पेरायचे. बी फेकणं त्यांना जमायचं नाही. बाजारातून आणलेल्या पिकल्या काकडीच्या बिया ते धुऊन खिडकीत वाळवत, दुसऱ्याच्या ताटातलं टरबूजही सोडत नसत. त्यामुळे त्या पेरण्याचं कोणाला नवल वाटलं नाही. तालुक्याहून एकदा एक साहेब सोसायटीचं दप्तर बघायला आले आणि मतपत्रिका कुठे आहेत म्हणाले. काकाजींनी त्यांना मांडवावर चढलेला वेल दाखवला. साहेबांनी बराच वेळ वेलाकडे बघितलं, मग पिशवीभर शेंगा घेतल्या आणि मतदान गुप्तपणे व शांततेत पार पडलं असं लिहून निघून गेले.

उमेदवारीचा अर्ज भरायचीही त्यांची रीत होती. विहिरीतून एक बादली पाणी न सांडता वर काढायची. ती आली की अर्ज मंजूर.

याच पद्धतीने आमचे पोस्टमास्तर सचिव झाले. ते नुकतेच निवृत्त झाले होते, बायकोही त्याच वर्षी गेली होती. दिवसभर कंपाउंडच्या भिंतीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमचं पत्र आलं का, असं विचारत. अतिशय सज्जन, पण दहा वाक्यं बोलल्याशिवाय अकराव्यात मुद्द्यावर येत नसत. त्यांच्यासमोर उभा असलेला माणूस चलाख होता, कामाचा होता, तोच होणार असं सगळे धरून चालले होते. काकाजी मोटारीच्या खोलीतून बाहेर आले आणि पोस्टमास्तरांचं नाव सांगितलं. समितीतले सगळेच एकमेकांकडे बघायला लागले. मी तेव्हा समितीत नव्हते, पण ते बघणं मला चांगलं आठवतं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता की मी तर नाही दिलं, मग या बाकीच्यांना झालं काय?

पोस्टमास्तर मात्र पालटले. सभेची सूचना ते स्वतः सायकलवरून घरोघर वाटत, दहा पावलांवरच्या घरीही घंटी वाजवून. इतिवृत्त मोत्यासारख्या अक्षरात. कोणाच्या नळाची तक्रार असो की गटाराची, त्याचं त्यांच्याकडून लेखी उत्तर यायचं, तेही पोस्टाने. पुढे कोणीच त्यांच्याविरुद्ध उभं राहिलं नाही. सचिवपद त्यांचंच झालं.

अध्यक्षपद तसंच बिनविरोध आमच्या हार्डवेअरवाल्या भाऊंकडे होतं. भाऊंचं वर्ध्यात दुकान, तोंडात साखर, अंगात सफारी. माणूस वाईट नव्हता. पण मुरूम टाकल्याशिवाय त्याला कुठली जागा पूर्ण झाल्यासारखी वाटायची नाही. एका सभेत त्यांनी नकाशा उलगडला. खुल्या जागेवर मंगल कार्यालय बांधायचं, सभासदांच्या मुलींची लग्नं तिथेच करायची, बाहेरच्यांना भाड्याने द्यायचं. नकाशात स्वयंपाकघर होतं, वरपक्षाच्या खोल्या होत्या, नवरदेवाच्या घोड्यासाठी सावलीसुद्धा होती. विहीर नव्हती. मी विचारलं तर भाऊ म्हणाले की ती स्टेजखाली येते.

काकाजी दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. ते सोलायचे थांबले. लोकांना नकाशा आवडला होता, दोन-तीन मुलींच्या बापांनी तर घोड्याची जागा बरोबर आहे का तेही बघून घेतलं. मला राग आला. विहीर बुजली तर मे महिन्यात नवरदेवाला आंघोळ कशाने घालणार, असं मी विचारलं आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की या वेळी अध्यक्षपदासाठी मी उभी राहणार. तावातावाने बोलून बसले आणि मग लक्षात आलं की मला हे पद अजिबात नको आहे.

समितीवर मी निवडून आले. बादलीही न सांडता काढली. भाऊंनी काढली तेव्हा त्यांची सफारी गुडघ्यापर्यंत भिजली, पण काकाजींनी अर्ज मंजूर केला. म्हणाले, पाणी त्यांच्याच अंगावर सांडलं, जमिनीवर नाही.

मग मी बेरजा करायला लागले. सात जण. भाऊ आणि त्यांचे दोन भिडू, हे तीन तिकडे. मी, पोस्टमास्तर आणि समोरचे वकील, हे तीन इकडे. वकिलांनी तर माझ्या देवघरात उभं राहून शब्द दिला होता. उरले बँकवाले. ते माझ्याकडे येऊन पोहे खाऊन गेले आणि जाताना म्हणाले, "वहिनी, माझं बी तुमचंच." नंतर कळलं की भाऊंकडेही ते असेच काहीतरी खाऊन आले होते. म्हणजे आम्हा दोघांच्याही बेरजेत बँकवाले होते.

मतदान झालं. भाऊ वयाने मोठे, त्यांचा वाल. मी लहान, माझी बरबटी. काकाजी आत गेले आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ आत राहिले. बाहेर आले, दुपट्टा झटकला आणि माझं नाव घेतलं.

भाऊंचा चेहरा मी विसरलेले नाही. ते उठले, माझं अभिनंदन केलं, नकाशा गुंडाळला आणि बँकवाल्यांकडे न बघता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी घरी रीघ लागली. वकील पेढे घेऊन आले, शब्द पाळला म्हणाले. बँकवाले आले, सांगितलं होतं ना वहिनी, म्हणाले. भाऊंच्या दोन भिडूंपैकी एक मागच्या दाराने आला आणि हळूच म्हणाला की त्याचाही दाणा मलाच होता, भाऊंना सांगू नका. पोस्टमास्तर तर होतेच. मी मोजलं. माझा धरून पाच मतं झाली होती, आणि दुसरा भिडू लाजून आला नसावा. मला फार बरं वाटलं. इतकी लोकप्रियता मला शाळेत कधी मिळाली नव्हती.

मी कामाला लागले. विहिरीची नोंद ग्रामपंचायतीत सार्वजनिक विहीर म्हणून करून घ्यायची, म्हणजे पुन्हा कोणी तिच्यावर स्टेज घालणार नाही. अर्ज केला, पोस्टमास्तरांनी तो इतक्या सुंदर अक्षरात लिहिला की तिथल्या बाबूने आधी सगळ्यांना दाखवला. डिसेंबरात मापं हवीत असं कळलं. मी फीत घेऊन खुल्या जागेत गेले. मोटारीच्या खोलीमागे काकाजींचा छोटा मांडव होता आणि त्यावर वेल लगडलेले होते.

माझं माहेर रोहण्याचं. माझे वडील, काका सगळे शेतकरी. वालाची शेंग चपटी, बरबटीची लांब बारीक, हे मला सांगायला कोणी लागत नाही. मी सवयीने बुंधे मोजले. सातातले सहा उगवले होते. बरबटीचे दोन. वालाचे चार.

मी पुन्हा मोजले. मग फीत खाली टाकली आणि तिसऱ्यांदा एकेका बुंध्याला हात लावून मोजले. उत्तर तेच आलं.

काकाजी घरी अंगणात खाटेवर उन्हात बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. गणितात नापास झालेला पोरगा मास्तरसमोर उभा राहतो तसं खरं म्हणजे त्यांनी उभं राहायला पाहिजे होतं, पण उभी मीच होते. मी म्हटलं, "काकाजी, मी मोजून आले. मले दोन होते. भाऊले चार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चार नाई," म्हणाले. "पाच. एक उगवलाच नाई. मुंग्यायनं नेला असन."

मी खाटेवरच बसून हिशेब केला. पाच-दोन. एक माझं, एक पोस्टमास्तरांचं. म्हणजे वकिलांनी देवघरात उभं राहून थाप मारली, बँकवाल्यांनी माझे पोहे खाऊन मारली आणि भिडूने मागच्या दाराने येऊन मारली. आणि मी त्या सगळ्यांना चहा पाजला. रडावं की हसावं कळेना. मी विचारलं, हे असं तुम्ही नेहमी करता?

"नेहमी काऊन करीन? एकदाच केलं होतं," ते म्हणाले. "पोस्टमास्तरच्या वक्ती."

"त्यांना किती होते?"

"एक बी नाई. त्याचं सोताचं बी नाई. त्यानं बी दुसऱ्यालेच देल्लं." मग म्हणाले, "बायको गेलती त्याची. दिवसभर भिंतीवर बसून राहे. म्या म्हटलं, याले काई तरी देऊ."

मी रागावले. चांगली मोठ्याने रागावले. हे खोटं आहे, लबाडी आहे, भाऊ खरे निवडून आले होते, असं सगळं म्हणाले. काकाजींनी ऐकून घेतलं. दुपट्ट्याच्या टोकाची गाठ सोडली, पुन्हा मारली.

"खोटं आहे," ते म्हणाले. "पन माह्या हातात हात देऊन मले विहिरीचं सांगतलं होतं त्याईनं. ते कोनं खोटं केलं? म्या कागद नाई केला, चूक माहीच. माह्या बापानं खंदली ते विहीर. तिच्यावर भाऊ नवरदेव बसवनार."

त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा फुटलेला मी ऐकला. मग मी विचारलं की लबाडीच करायची होती तर मग ते दाणे पेरले कशाला? चुलीत घालायचे होते.

काकाजी खरोखर ओशाळले. लबाडीबद्दल नव्हते ओशाळले, याबद्दल ओशाळले. "बी जाळवत नाई ना बाई," म्हणाले. "आन म्या म्हटलं, या बेचाळीस घरायत पानावरून झाड कोनाले ओळखता येते? सारे नोकरीवाले. तू रोहन्याची आहे, हे ध्यानातच नाई राह्यलं."

त्याच दिवशी मी राजीनामा लिहिला. तो पर्समध्ये घालून मी शाळेत गेले, बाजारात गेले, सभेलाही गेले. राजीनामा दिला तर भाऊ पुन्हा येणार, ग्रामपंचायतीतला अर्ज मागे घेणार आणि विहीर स्टेजखाली जाणार, हे उघड होतं. मी स्वतःला सांगितलं की नोंद होईपर्यंत थांबू. मार्चमध्ये नोंद झाली. त्यानंतर थांबायला काही कारण उरलं नव्हतं. तरी मी थांबले. खरं सांगायचं तर मला 'अध्यक्षबाई' ऐकायची सवय झाली होती. राजीनाम्याच्या मागे मी किराण्याची यादी लिहिली आणि तो प्रश्न तिथे मिटला.

भाऊंचा मात्र मिटला नाही. त्यांनी बँकवाल्यांशी बोलणं टाकलं. बँकवाले गल्लीत चारचौघांत शपथ घेऊन सांगायचे की मी वालच टाकला होता. जन्मात एकदा खरं बोलले बिचारे आणि तेवढंच कोणाला पटलं नाही. वर मलाही तेच बँकवाले भेटून डोळा मिचकावत आणि आपलं गुपित आपल्यातच राहू द्या म्हणत. मी मान डोलवायचे. भाऊंच्या नातवाच्या बारशाला बँकवाल्यांना बोलावणं नव्हतं. दोघं वीस वर्षांचे मित्र, सकाळी एकत्र फिरायला जाणारे. आता एक सेवाग्रामच्या रस्त्याने जायचा आणि एक स्टेशनच्या.

मी काकाजींच्या मागे लागले की हे तुम्ही केलंय, तुम्हीच निस्तरा. ते भाऊंकडे गेले. काय बोलले ते मला भाऊंनीच पुढे सांगितलं. काकाजी म्हणाले होते की बँकवाल्याच्या बोटाला वालाचं टरफल चिकटलेलं मी डोळ्यांनी बघितलं, त्याने तुलाच दिलं. भाऊंनी विचारलं, मग फुटलं कोण? काकाजींनी भाऊंच्याच बोटांकडे बराच वेळ बघितलं आणि उठून आले. भाऊंनी आठवडाभर विचार केला आणि शेवटी त्यांना खात्रीच पटली की मतदानाच्या गडबडीत त्यांनी स्वतःच मडकं चुकवलं. ते बँकवाल्यांकडे स्वतः गेले. दुसऱ्या दिवसापासून दोघं पुन्हा एका रस्त्याने फिरायला लागले. मी सुटले असं वाटलं, पण नीट सुटले नाही. आता एक भला माणूस स्वतःच्या बोटांवरचा विश्वास घालवून बसला होता. दुकानात खिळे मोजताना तो दोनदा मोजायचा.

तीन वर्षं संपली. मी पुन्हा उभी राहिले नाही. काकाजी तोवर खाटेला खिळले होते. कंबरेने साथ सोडली होती, तरी खिडकीतून कोणत्या गल्लीत काय होतं ते सांगणं चालू होतं. निवडणुकीच्या आधी त्यांनी मला बोलावलं. दोन्ही मडकी आणि दाण्यांची पुरचुंडी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, आता तू कर. मी म्हटलं, मी आकडा सांगणार. ते म्हणाले, "सांगजो ना. तुह्या मनानं कर."

अध्यक्षपदाला भाऊ पुन्हा उभे राहिले, या वेळी घाबरत घाबरत. त्यांच्यासमोर वकील. भाऊंनी या वेळी नकाशा आणला नव्हता. विहिरीतला गाळ काढून वर जाळी बसवायची, एवढंच त्यांनी सभेत सांगितलं आणि खाली बसले. वकिलांनी अर्धा तास भाषण केलं. भाऊ मोठे, त्यांचा वाल. वकील लहान, त्यांची बरबटी.

सातही जण आत जाऊन आले. मग मी आत गेले. मोटारीच्या खोलीत ग्रीसचा आणि ओल्या मातीचा वास होता. डावं मडकं मी पदरात पालथं केलं. काकाजींसारखीच मलाही दोनदा मोजायची गरज नव्हती, पण मी मोजले. बाहेर सगळे थांबले होते. भिंतीच्या फटीतून भाऊ दिसत होते. ते आपल्या उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत होते.

मी बाहेर आले आणि भाऊंचं नाव सांगितलं.

आकडा सांगितला नाही. कोणी विचारलाही नाही. भाऊ उभे राहिले, काहीतरी बोलायला गेले आणि रडायला लागले. बँकवाल्यांनी त्यांना मिठी मारली. वकिलांनी मोठ्या मनाने हात मिळवला. दुसऱ्या दिवशी भाऊंच्या घरी सकाळपासून रीघ लागली होती, माझं बी तुमचंच सांगायला. भाऊंनी माझ्याकडे पेढ्यांचा पुडा पाठवला, एक काकाजींकडेही.

त्या दुपारी मी वालाची उसळ केली आणि झाकण ठेवून काकाजींकडे घेऊन गेले. सकाळी कालचे सातही दाणे मी भिजवलेल्या वालाबरोबर शिजवले होते. वालात वाल मिसळून गेले, पण बरबटी लपत नाही. ती मी निवडून त्यांच्याच वाटीत वाढली होती. या गावात मला ही गोष्ट सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

काकाजींच्या उशाशी भाऊंचा पेढ्यांचा पुडा उघडा होता. ते उसळ खायला लागले. दुसऱ्याच घासाला थांबले. जिभेने एक दाणा बाजूला केला, बोटावर घेतला आणि वाटीच्या काठावर ठेवला. मग चमच्याने उसळ चाळून दुसरा काढला. मग तिसरा. काठावर पाच बरबटीचे दाणे ओळीने लागले, तेव्हा त्यांनी आधी दाण्यांकडे बघितलं, मग पेढ्यांच्या पुड्याकडे आणि मग माझ्याकडे.

"पाच?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"आन नाव भाऊचं सांगतलं?"

"हो," मी म्हटलं. "मागल्या खेपेचं त्यांचं राह्यलं होतं माझ्याकडे."

ते किती तरी वेळ नुसते हलत होते, हसत होते की खोकत होते ते कळत नव्हतं. मग एकेक करून पाचही दाणे त्यांनी तोंडात टाकले आणि चावून चावून खाल्ले.

"पेरले नाई," म्हणाले, "हे बेस केलं."

आणि वाटी पुढे केली, अजून वाढ म्हणून.